बचत गट

दहा ते वीस जणींनी ठरावीक मुदतीने ठरावीक रक्कम साठवायची, त्या निधीतून आपसांत कर्जे द्यायची आणि आलेले व्याज पुन्हा निधीतच टाकायचे, या पद्धतीने चालणारी अनौपचारिक संघटना. शासकीय कागदपत्रांत तिला ‘स्वयंसहाय्यता गट’ म्हणतात, बोलण्यात नुसते ‘गट’. पुरुषांचेही गट असतात. तथापि महाराष्ट्रात हा शब्द महिलांच्या गटांनाच रूढ झाला असून प्रस्तुत नोंदीत तोच अर्थ घेतला आहे.

सभासदसंख्या वीसपर्यंतच का, याचे कारण प्रशिक्षण-पुस्तिका ‘बैठकीत प्रत्येकीला बोलता यावे म्हणून’ असे देतात. ते गैर नाही, पण मूळ कारण कायद्यात आहे. कंपनी अधिनियम, १९५६ च्या कलम ११ नुसार वीसपेक्षा अधिक व्यक्तींना नफ्यासाठी व्यवसाय करणारा संघ नोंदणीवाचून चालवता येत नसे. २०१३ च्या अधिनियमानंतर ही मर्यादा नियमांद्वारे पन्नासवर गेली. गटांनी मात्र वीसचा आकडा सोडलेला नाही.

उगम : याविषयी मतभेद आहेत. मराठी पुस्तिकांतून वारंवार येणारे विधान असे, की १९४७ मध्ये अमरावती जिल्ह्यात काही महिलांनी प्रत्येकी २५ पैसे जमवून पहिला गट सुरू केला. हे विधान जसेच्या तसे स्वीकारणे अवघड आहे. दशमान नाणी भारतात १ एप्रिल १९५७ पासून आली, त्यामुळे १९४७ मध्ये असलेच तर चार आणे असणार. हे नंतरच्या काळातील रूपांतर म्हणून सोडून दिले, तरी तो उपक्रम आजच्या अर्थाने गट होता की भिशी, हा प्रश्न उरतोच. भिशीत जमलेली रक्कम दर फेरीला चिठ्ठीने किंवा लिलावाने एकीला मिळते आणि फेरी संपली की हाती निधी राहत नाही. गटात निधी साचत जातो आणि कर्ज चिठ्ठीवर नव्हे तर गरजेवर मिळते. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ मध्ये भिशीसारख्या पद्धतींना आधुनिक बँकिंगकडे नेणारी ‘मधली पायरी’ मानले होते; बँका सर्वत्र पोहोचूनही भिशी टिकली, हे त्या मताच्या विरोधात जाते.

दुसरे मत बांगलादेशातील ग्रामीण बँकेकडे (प्रयोग १९७६, बँक १९८३) बोट दाखवते. पण तेथे पाच जणींचा गट हा बँकेच्या कर्जवसुलीचा घटक होता. आधी स्वतःची बचत, मग बँक, हा क्रम कर्नाटकातील ‘मायराडा’ संस्थेच्या १९८० च्या दशकातील गटांत स्पष्ट दिसतो. त्याच अनुभवावर रिझर्व्ह बँकेचे १९९१ चे परिपत्रक आणि नाबार्डचा (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचा) १९९२ मधील ५०० गटांचा पथदर्शी प्रकल्प उभा राहिला. नोंदणी नसलेल्या गटाला, तारणाशिवाय, बचतीच्या साधारणपणे एक ते चार पट कर्ज देण्याची मुभा हे त्याचे वैशिष्ट्य. आजच्या गटाची वंशावळ येथूनच धरणे अधिक सयुक्तिक वाटते. भिशीने त्यासाठी सवयीची जमीन तयार ठेवली होती, इतकेच.

कार्यपद्धती : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड आणि हिशेबलेखन या पाच नियमांना ‘पंचसूत्री’ म्हणतात. व्याजदर गट स्वतः ठरवतो. शेकडा दोन (दरमहा) हा बराच प्रचलित. व्याज उरलेल्या मुद्दलावर आकारतात. एक हजार रुपये दहा समान हप्त्यांनी फेडल्यास पहिल्या महिन्यात २०, दुसऱ्यात १८ असे उतरत जाऊन एकूण व्याज ११० रुपये होते. मूळ रकमेवरच आकारले असते तर २०० झाले असते. हा फरक वहीत मांडून दाखवणे हाच पुष्कळ गटांतील पहिला वर्ग असतो.

आत्मविश्वासाविषयी अहवालांत विपुल लिहिले जाते, ते बहुधा ढोबळ. प्रत्यक्षात तो लहान कृतींतून येतो. हजेरीत ‘अमक्याची आई’ न म्हणता स्वतःचे नाव सांगायचे, इतिवृत्तावर अंगठ्याऐवजी सही करायची, बँकेच्या खिडकीवर जाऊन भरणा पावती स्वतः भरायची. खाते अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींच्या सहीने चालत असल्याने बँकेत जाणे टळत नाही. अध्यक्षपद आळीपाळीने फिरावे असा संकेत आहे. लिहितावाचता येणारी एकच असेल तेथे तो पाळला जात नाही. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवाना अर्ज प्रवर्तक महिला निरक्षर असल्याने प्रथम नाकारला गेला होता. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

कौशल्य-प्रशिक्षण ही गटांची तुलनेने दुबळी बाजू. शिवणकाम, पापड-लोणची, मसाले, अगरबत्ती यांचे वर्ग सर्वत्र सारखेच असल्याने एका गावात चार गट एकच मसाला विकताना दिसतात. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत माल खपतो, पण वर्षाचे उरलेले महिने आठवडी बाजारावरच काढावे लागतात. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या धर्तीवर बँकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था काढल्या. तेथे निवासी वर्ग विनामूल्य असतात.

महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम, स्थापना १९७५) आणि २०११ पासूनचे ‘उमेद’ (राज्य ग्रामीण जीवनोन्नती) अभियान या दोन यंत्रणा गट बांधतात. माविमच्या गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्तीस सहयोगिनी, गटांच्या वरच्या स्तरास लोकसंचालित साधन केंद्र म्हणतात. उमेदमध्ये ग्रामसंघ व प्रभागसंघ अशी रचना आहे. खाजगी सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या कर्जासाठी जमवलेल्या संयुक्त जबाबदारीच्या (एकीचे कर्ज थकल्यास इतरींनी भरायचे अशा) टोळक्यांनाही गावात ‘गट’च म्हणतात, मात्र त्यांत स्वतःची बचत नसते. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये अशा कंपन्यांच्या वसुलीवर अध्यादेशाने निर्बंध आणावे लागले, तेव्हा त्याची झळ बँकेशी जोडलेल्या गटांच्या परतफेडीलाही लागली.