विमानाला चावी असते का?

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाकडे बघत चहा पिताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "अबे, चावीशिवाय विमान सुरूच होत नाही, हँगरमधून कोण चोरून नेणार?" चावी असते, पण सेसना १५२ सारख्या छोट्या विमानाला, तीही साधीच, स्कूटरची वाटावी अशी. शेजारच्या मिहानमधल्या एमआरओमध्ये, म्हणजे विमान दुरुस्ती केंद्रात येणाऱ्या बोइंगला चावी नसतेच. कॉकपिटमधली बटणं ठरलेल्या क्रमाने दाबली की इंजिन सुरू.

१० ऑगस्ट २०१८ ला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या विमानतळावर एका ग्राउंड कर्मचाऱ्याने रिकामं क्यू४०० हे प्रवासी विमान टोइंग (विमान ओढायच्या) ट्रॅक्टरने स्वतःच वळवलं आणि उडवलं. तासाभराने ते एका बेटावर कोसळलं, तोही गेला. त्याने कुंपण ओलांडलं नव्हतं. गळ्यात रीतसर पास होता. म्हणजे भिंत उंच करून, कॅमेरे वाढवून (निविदा काढायला तेच सोपं!) अर्धंच काम होतं. उभ्या विमानाजवळ एकट्याने जायचं नाही, ट्रॅक्टरची चावी त्यातच लटकत ठेवायची नाही, दारं बंद, शिडी बाजूला, नोकरी सुटली की पास त्याच दिवशी रद्द. छोट्या विमानाच्या पुढच्या पंख्याला (प्रोपेलरला) साखळी-कुलूपही चालतं. फक्त उड्डाणाआधी ते काढायची आठवण हवी.