ओले आणि ओलं

कन्नडात चुलीला ‘ओले’ म्हणतात. बेळगाव-खानापूरकडच्या आम्हा मराठी माणसांच्या कानावर हा शब्द रोज पडतो, आणि पावसाळ्यात तो दोन्ही भाषांत एकदम खरा होतो: ओलेत ओलं जळण! जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस एकदा लागला की अंगणातलं लाकूड वाळायचं नावच घेत नाही. गॅस घरोघर आला, पण न्हाणीतली पाणी तापवायची चूल काही विझली नाही.

आमची आज्जी जळणाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायची. खणखण वाजलं तर चुलीत. बद्द आवाज आला तर ‘हे अजून रडतंय, ठेव तिकडं’. रडतंय हे खरंच. ओलं लाकूड एका टोकाला पेटलं की दुसऱ्या टोकातून फेस येतो आणि चुरचुर ऐकू येते. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने निम्मं पाणी असू शकतं, चांगल्या वाळलेल्यात 15 ते 20 टक्के. म्हणजे असलं 1 किलो ओलं जळण चुलीत घातलं की आधी त्यातल्या अर्ध्या लिटर पाण्याची वाफ करावी लागते. त्याला साधारण 300 किलोकॅलरी उष्णता जाते. तेवढ्यात अंघोळीचं 4 लिटर पाणी उकळीला आलं असतं.

पण उष्णता वाया जाते हे दुखणं त्यामानाने लहान. मोठं दुखणं असं की त्या वाफेने आग थंड पडते. लाकूड तापलं की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात आणि आपल्याला दिसणारी ज्वाळा मुख्यतः त्या वायूंची असते. त्यांना पुरेशी आच आणि पुरेशी हवा मिळाली तर ते जळून जातात. नाही मिळाली तर तेच डांबरी थेंब आणि काजळी होऊन घरभर फिरतात. धूर म्हणजे न जळलेलं सरपणच. फुंकणी मारल्याबरोबर धूर ‘भक्’ करून पेटतो तो याचमुळे. त्यातले सगळ्यात घातक कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहून लहान. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात.

जुन्या घरात याची थोडी सोय आपोआप होती. छप्पर उंच आणि कौलांना फटी. धूर वर चढायचा आणि झिरपत बाहेर पडायचा. वाशांना काजळी धरायची, खालच्या माणसाला त्यातल्या त्यात श्वास घेता यायचा. आता स्लॅब पडला, खिडक्यांना सरकत्या काचा आल्या. चूल मात्र तीच राहिली. माझ्या मते आजचा खरा धोका इथे आहे, आणि तो धुरापेक्षा निखाऱ्यात जास्त आहे.

माझ्या मामीच्या बाळंतपणातली गोष्ट. पावसाचे दिवस, बाळंतिणीला शेक हवा म्हणून रात्री खाटेजवळ निखाऱ्यांची शेगडी. वारं लागू नये म्हणून दाराच्या फटीत गोणपाट कोंबलेलं. धूर अजिबात नव्हता, म्हणून सगळे निर्धास्त. पहाटे मामीचं डोकं ठणकत होतं, उलटी झाली. सोबतीला झोपलेल्या मावशीला उभं राहवेना. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं नजर. आज्जीने दार उघडून सगळ्यांना, बाळासकट, सोप्यात आणलं आणि मग दवाखाना, ऑक्सिजन. थोडक्यात निभावलं.

निखाऱ्याला धूर नसतो, कारण त्यातले वायू आधीच उडून गेलेले असतात. उरतो तो कोळसा. तो अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याचं वजन जवळजवळ हवेइतकंच असल्याने ‘गॅस खाली बसतो, आपण खाटेवर आहोत’ हा हिशेब चालत नाही. तान्ह्या बाळाचा श्वास भरभर चालतो, त्यामुळे त्याच्या अंगात तो आपल्याआधी भिनतो. आणि कोरोनात घरोघर आलेला तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे साफ फसवतो: विषारी झालेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं. आकडा 98 दिसला तरी दवाखाना चुकवू नये. मोकळ्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला 4-5 तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तासात तेवढं काम होतं. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे. निखारे झोपायच्या खोलीत नकोतच.

धुरासाठी उपाय आमच्याच कर्नाटकात निघाला होता. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हा विभाग सुरू झाला आणि तिथे तीन भांड्यांची, धुराड्याची ‘अस्त्र ओले’ घडवली गेली. आग एका भांड्याखाली, तिचे तापलेले वायू पुढच्या दोघांखालून जाऊन धुराड्यातून बाहेर. पण धुराडं लावलं की काम संपलं असं नाही. ओल्या जळणाचं डांबर त्याच्या आतून बसतं, ओढ कमी होते, आणि कधी तो थरच पेट घेतो. पावसाळ्याआधी एकदा खरवडून काढलेलं बरं.

चूल पेटेना म्हणून दुधाची पिशवी किंवा वायरीचा तुकडा टाकतात, तो प्रकार आधी बंद करावा. वायरीच्या आवरणातल्या क्लोरीनमुळे घसा-डोळे जाळणारा आम्लवायू सुटतो. रॉकेल तर धुमसत्या निखाऱ्यावर कधीच ओतू नये: त्याची लगेच वाफ होते आणि भडका ओतणाऱ्याच्या हातापर्यंत येतो. नायलॉनचा पदर पेटत कमी, वितळून कातडीला चिकटतो जास्त. भाजलं तर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट नको.

राहिली राख. रात्री राखेखाली झाकलेला विस्तव सकाळी फुंकून पुन्हा चूल पेटवायची, ही आज्जीची रोजची रीत. म्हणजे वरून थंड दिसणाऱ्या राखेत बारा तासांनीही आग जिवंत असते. आमच्याकडे राखेला झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, परसात, लाकडाच्या ढिगापासून लांब. त्याआधी प्लॅस्टिकची बादली होती. तिचा तळ अजून गोठ्यात टांगलेला आहे, मधोमध वाटीएवढं भोक पडलेला.