चौथा आलेला तुझिन्स्की आणि ०.२ मिलिमीटरचा खेळ

६ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिम्पिक, पुरुषांची १० मीटर एअर पिस्तूल फायनल. आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष जितू रायकडे, तो आठवा येऊन सगळ्यात आधी बाहेर पडला आणि आपल्यासाठी मॅच तिथंच संपली. पण स्लोव्हाकियाचा युराय तुझिन्स्की टिकून होता, दर दोन शॉटनंतर एकेक जण गळत होता, लंडनचा गोल्ड मेडलिस्ट जिन जोंग-ओ सुद्धा पाचवा आला, आणि सोळाव्या शॉटनंतर तुझिन्स्की चौथा. मेडल हुकलं.

हा चौथा नंबर म्हणजे नेमकं काय ते गणितानं बघा. टार्गेटचं मधलं, दहा मार्कांचं वर्तुळ फक्त ११.५ मिमी व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. फायनलमध्ये दशांशात मार्क, जास्तीत जास्त १०.९, आणि छर्रा मधोमधपासून दर ०.८ मिमी सरकला की ०.१ गेला. आता पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये (नेम धरायच्या खुणांमध्ये) साधारण ३५ सेंमी अंतर असतं. त्या दोघींची रांग फक्त ०.२ मिमीनं चुकली तर १० मीटरवर छर्रा साडेपाच-पावणेसहा मिमी बाजूला जातो, म्हणजे १०.९ चा शॉट १०.२-१०.३ वर. पण मनगट न वळता अख्खा हातच २ मिमी सरकला तर छर्राही २ मिमीच सरकतो. म्हणून नेमबाज टार्गेटकडे बघतच नाही! नजर पुढच्या साइटवर, टार्गेट धूसर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो ना.

त्या फायनलमध्ये गोल्ड आणि सिल्व्हरमधला फरक होता ०.४. व्हिएतनामच्या होआंग शुआन विन्हचे २०२.५, ब्राझीलच्या फेलिपे वूचे २०२.१. वीस शॉट मिळून ३.२ मिमी!

त्यात हात थरथरतो, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पिस्तूल हलतं. ठोके संथ करणारी बीटा ब्लॉकर औषधं म्हणूनच या खेळात बंद आहेत, २००८ ला बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन मेडलं त्यापायीच परत घेतली.

स्लोव्हाकियात नेमबाजी म्हटलं की नाव येतं झुझाना रेहाक श्तेफेचेकोव्हाचं. टोकियो ऑलिम्पिकला ट्रॅपच्या, म्हणजे उडती तबकडी फोडायच्या प्रकाराच्या, क्वालिफिकेशनमध्ये १२५ पैकी १२५ आणि मग गोल्ड, कौतुक व्हायलाच हवं. पण ट्रॅपमध्ये तबकडी हवेत फुटते, टीव्हीवर लगेच कळतं. पिस्तुलातलं अर्ध्या मिलिमीटरचं कसब दिसतच नाही, त्यामुळे तुझिन्स्कीसारखी माणसं फायनल गाठूनही अनोळखी राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घरी करून बघा. लिटरभर पाण्याची भरलेली बाटली एका हातात सरळ समोर धरा आणि दहा सेकंद झाकणाकडे बघा. क्वालिफिकेशनमध्ये हे साठ वेळा, ७५ मिनिटांत.