नांदूरमध्यमेश्वर

नांदूरमध्यमेश्वर : नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळचे गाव. तेथील शिवमंदिर, गोदावरीवरील जुना दगडी बंधारा आणि बंधाऱ्यामागे पसरलेला उथळ जलाशय या सर्वांना मिळून हे एकच नाव चालते. नाशिकहून निफाडमार्गे सुमारे 50 किमी. अंतरावर असल्याने पहाटे निघून दिवेलागणीपर्यंत घरी परतता येते. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना हे नाव पावसाळ्यात रोज भेटते, कारण गंगापूर, दारणा, कादवा, पालखेड अशा वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथूनच पुढे जायकवाडीकडे जाते आणि त्याचा विसर्ग क्युसेकमध्ये (दर सेकंदाला घनफूट) येथेच मोजला जातो.

हा जलाशय नैसर्गिक नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, दुष्काळी पट्ट्याला पाणी देण्याच्या हेतूने, सरकारने येथे बंधारा बांधला. त्याचे मुख्य काम पाणी साठवण्याचे नव्हतेच. साठा दारणा धरणात करायचा, तेथून सोडलेले पाणी नदीपात्रातून येथवर आणायचे, बंधाऱ्याने त्याची पातळी उंचवायची आणि डाव्या व उजव्या कालव्यांतून ते निफाड, येवला, कोपरगाव या बाजूच्या शेतीला द्यायचे, अशी ही योजना आहे. कोपरगावच्या परिसरातील ऊसशेती मुख्यतः या कालव्यांवर उभी राहिली.

नद्यांनी पाण्याबरोबर गाळही आणला आणि तो बंधाऱ्यामागे दरवर्षी साचत गेला. पाटबंधाऱ्यांच्या हिशेबाने ही हानीच होती, कारण साठवणक्षमता घटत गेली. मात्र त्याच गाळाने पाण्यात लहानलहान बेटे, चिखलाची मैदाने आणि गुडघाभर पाण्याची तळी तयार केली. तेथे पाणवनस्पती, मासे, शंखशिंपले आणि किडे वाढले, आणि त्यांच्यामागोमाग पक्षी आले. खोल धरणात पाणबुड्या पक्ष्यांचे निभते, पण चिखलात चोच खुपसून अथवा उथळ पाण्यात उभे राहून पोट भरणाऱ्यांना असाच काठ लागतो. नांदूरमध्यमेश्वरचे मोठेपण गाळामुळे आहे, हे येथे येणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

पक्षी पाहण्याचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा होय. या दिवसांत निफाडचा पारा राज्यात नीचांकी असल्याच्या बातम्या वारंवार येतात आणि सकाळी पाण्यावर धुक्याचा थर असतो. चापडगाव व खानगाव थडी या बाजूंना निरीक्षण मनोरे आहेत, आणि परिसरातील गावांतले तरुण दुर्बिणी घेऊन माहिती देतात. त्यांना सोबत घ्यावे, कारण नवख्या डोळ्याला जो नुसता काळा ठिपका दिसतो त्याचे नाव आणि सवयी ते लगेच सांगतात. तो ठिपका बहुधा वारकरी असतो. सर्वांग काळे, चोच आणि कपाळावरचा टिळा पांढराशुभ्र, असा हा पक्षी उडण्यापूर्वी पाण्यावर पाय आपटत बरेच अंतर धावतो आणि त्याच्या मागे पाण्यावर फेसाची रेघ उमटते. हळदीकुंकू बदकाचे नावही जवळून पाहिल्यावरच पटते. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळेधमक असते आणि मुळाशी दोन लाल ठिपके असतात. याशिवाय चित्रबलाक, चमचा, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, चक्रवाक आणि काही हंगामांत रोहित पक्षीही येथे दिसतात.

1986 मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाल्याचे जानेवारी 2020 मध्ये जाहीर झाले आणि हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ ही त्याची जुनी ओळख आहे. ती सार्थ आहे, कारण राजस्थानातील प्रसिद्ध पक्षी अभयारण्य असलेल्या भरतपूरची पाणथळ जागाही माणसानेच घडवलेली आहे.

गावाचे महत्त्व बंधाऱ्याहून पुष्कळ जुने आहे. नदीपात्रातील मध्यमेश्वराच्या दर्शनाला महाशिवरात्रीस व श्रावणात भाविक येतात. जवळच मृगव्याधेश्वराचे मंदिर आहे. सुवर्णमृगाचे रूप घेतलेल्या मारीचावर श्रीरामांनी येथूनच बाण सोडला, अशी श्रद्धा असून देवाच्या नावातील मृग आणि व्याध हे दोन्ही शब्द त्याच कथेतले आहेत. नाशिकच्या पंचवटीशी आणि सीताहरणाशी जोडलेली ही कथा गोदाकाठाने येथवर आलेली दिसते.

जलाशयापुढची चिंता नाशिक शहरातूनच येते. शहराच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली गोदावरीतून वाहत येथे अडकतात, पाण्याचा पृष्ठभाग झाकतात आणि बदकांना उतरायला मोकळी जागा उरत नाही. रामकुंडाजवळ नदी स्वच्छ राखण्याचा प्रश्न शहरापुरता नाही, तो येथील पक्ष्यांचाही आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. साचलेल्या गाळामुळे पुराचे पाणी मागे तुंबते आणि सायखेडा व चांदोरी या गावांत शिरते, म्हणून तेथील ग्रामस्थ गाळ काढण्याची मागणी सातत्याने करतात. त्यांची तक्रार रास्त आहे, आणि सरसकट गाळ उपसल्यास उथळ अधिवास नाहीसा होईल ही पक्षिमित्रांची भीतीही रास्त आहे. परतीच्या वाटेवर चांदोरीला थांबल्यास हा पेच डोळ्यांनी दिसतो. बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली एरवी बुडालेली जुनी दगडी मंदिरे पाणी उतरल्यावर तेथे नदीपात्रात उघडी पडतात, आणि त्यांच्या पायऱ्यांवर ओल्या गाळाचा थर बसलेला असतो.