एक-चौदावरचं नाव आणि जमिनीची मालकी

गोव्यात प्लॉट दाखवणारा दलाल आधी व्हॉट्सॲपवर एक-चौदाचा उतारा टाकतो. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला तो सातबाऱ्यासारखाच वाटतो. विकणाऱ्याचं नाव दिसलं की मंडळी टोकन देऊन मोकळी. पण त्या उताऱ्यावर नाव असणं आणि जमिनीची मालकी असणं, या दोन गोष्टी वेगळ्या.

एक-चौदा, म्हणजे फॉर्म १ व १४, हा १९६८ च्या जमीन महसूल संहितेखालचा हक्कनोंदीचा कागद. वर तालुका, गाव, सर्व्हे नंबर. मग जिरायत, बागायत, तरी (भातशेती), खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) असं क्षेत्र. खाली कब्जेदार, कूळ, इतर हक्क आणि फेरफार क्रमांक. उलट सिद्ध होईपर्यंत ही नोंद खरी मानावी, इतकंच कायदा म्हणतो. मालकी बघायची तर खरेदीखत, बक्षीसपत्र, इन्व्हेंटरीतली (म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या कोर्टातल्या वारसा-वाटपातली) वाटणी, पोर्तुगीज काळातली भूनोंदणी अशी साखळी मागे मागे तपासावी लागते. घरपट्टीची पावती किंवा जुनी मॅट्रिझची नोंद दाखवून मालकी सांगणारेही भेटतात. त्या करआकारणीच्या नोंदी. त्यांच्यावर विसंबू नये.

सगळ्यात जास्त घोळ कुळाच्या रकान्यात. कब्जेदार म्हणून भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं नाव, शेजारी कूळ म्हणून दुसऱ्याच कुणाचं. दलाल म्हणतो, "ते जुनं आहे हो, कूळ केव्हाच गेलं." पण कूळ कायद्याच्या दुरुस्तीनं २० एप्रिल १९७६ या दिवशी कसणारं कूळ त्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. म्हणजे उताऱ्यावर भाटकार तसाच बसलेला आणि हक्क मात्र कुळाच्या वारसांकडे, असं होऊ शकतं. त्यात १९९१ च्या जमीन वापर कायद्यानं कुळाकडे गेलेली अशी जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. बंगल्याचं स्वप्न तिथंच संपलं. इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं नाव असेल तर प्रश्न निराळा, पण तोही मिटवल्याशिवाय पुढं जाऊ नये.

दुसरी गोम महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ठाऊकच नसते. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता साधारणपणे नवरा-बायकोची सामाईक. उताऱ्यावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरी दस्तावर बायकोची सही लागतेच. आजोबांच्या नावावरची जमीन असेल तर इन्व्हेंटरी झाली आहे का, हे आधी विचारा. झाली नसेल तर सगळे वारस आणि त्या प्रत्येकाचा जोडीदार, अशी सह्यांची जत्रा. त्यातले दोघे लिस्बनला आणि एक कॅनडाला निघाले, की "पंधरा दिवसांत रजिस्ट्री" म्हणणारा दलाल फोन उचलेनासा होतो.

२०२२ साली जमीन बळकाव प्रकरणांसाठी सरकारला खास तपास पथक नेमावं लागलं, तेव्हा हाच फरक उघडा पडला. जुने दस्त बनावट करायचे आणि त्यांच्या आधारे फेरफार करून एक-चौदावर नाव चढवायचं, ही त्यातली एक रीत. मालक परदेशी किंवा वारलेला, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी नाही. उतारा अस्सल, त्यावरचं नाव मात्र चोराचं! म्हणून नुसतं नाव वाचू नका. त्याखालचा फेरफार क्रमांक घेऊन मामलेदार कचेरीत ती फाईल काढा आणि कुठल्या दस्तावरून नाव लागलं ते बघा. तो दस्त उपनिबंधकाकडे खरंच नोंदला आहे का, तेही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला वकील सांगेल, त्या खर्चात काटकसर नको.

याच्या उलटही घडतं. खरेदीखत पक्कं, साखळी स्वच्छ, पण फेरफारच केलेला नाही, म्हणून उताऱ्यावर अजून जुनाच मालक. त्यानं मालकी जात नाही. मात्र बिगरशेती वापराची सनद काढताना किंवा बँकेचं कर्ज घेताना अडतं, आणि जुना मालक तोच उतारा दाखवून दुसऱ्याला गाठू शकतो. तेव्हा दस्त नोंदला की फेरफाराचा अर्ज लगेच टाकावा.