संगणक एका कंपनीचा, माउस दुसऱ्या कंपनीचा

संगणक घेताना माउसही त्याच कंपनीचा घ्यावा लागतो का, असा प्रश्न आमचे ग्राहक नेहमी विचारतात. तसे बंधन नाही. ते का नाही, हे माउस बनवणाऱ्या लॉजिटेक या कंपनीच्या वाटचालीवरून चांगले समजते.

डॅनियल बोरेल, पिएरलुइजी झापाकोस्ता आणि जाकोमो मारिनी यांनी १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील ॲपल्स या खेड्यात, एका शेतघरात ही कंपनी सुरू केली. (गावाच्या नावाचा त्या प्रसिद्ध संगणक कंपनीशी काहीही संबंध नाही.) त्यांचा मूळ व्यवसाय इतरांना सॉफ्टवेअर तयार करून देण्याचा होता. माउसचा शोधही त्यांचा नव्हे. डग्लस एंगलबार्ट यांनी अमेरिकेत १९६८ मध्येच त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले होते आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठात प्राध्यापक निकू यांनी त्याचा सुधारित नमुना घडवला होता. त्याच नमुन्याच्या आधारे लॉजिटेकने १९८२ मध्ये आपला पहिला माउस, पी४, बाजारात आणला.

कंपनीची खरी वाढ मात्र स्वतःच्या नावावर सुरू झाली नाही. १९८४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डला माउस पुरवण्याचे काम तिला मिळाले आणि पुढेही अनेक संगणक कंपन्यांच्या खोक्यांतून तिचाच माल ग्राहकांपर्यंत पोचला. संगणकावर असलेले नाव आणि माउस बनवणारा कारखाना यांचा संबंध असेलच असे नाही, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे. १९८५ मध्ये आलेला सी७ हा माउस कंपनीने थेट ग्राहकांना विकला. तो सिरियल पोर्टमधूनच (संगणकाला उपकरणे जोडण्याच्या त्या काळच्या खाचेतूनच) वीज घेत असल्याने त्याला वेगळा अडॅप्टर लागत नसे. २००८ पर्यंत कंपनीचे एक अब्ज माउस तयार झाले होते.

एका कंपनीच्या संगणकाला दुसरीचा माउस चालणे शक्य झाले ते जोडणीच्या सामाईक पद्धतींमुळे. सिरियल पोर्टनंतर १९८७ मध्ये आयबीएमचा गोल पीएस/२ पोर्ट आला आणि १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले, त्यामुळे पोर्ट जुळला की माउस कोणाचा हा प्रश्न बहुतांशी उरत नाही. जुन्या संगणकांसाठी मात्र एक खबरदारी घ्यावी: यूएसबी माउसला पीएस/२ पोर्टवर जोडणारा साधा जोड दिसायला सगळीकडे बसतो, पण माउस दोन्ही पद्धतींसाठी बनवलेला असेल तरच चालतो. बिनतारी माउसच्या बाबतीत यूएसबी रिसीव्हर (माउसचे संकेत घेणारा, संगणकाला लावायचा छोटा तुकडा) जपून ठेवावा, कारण तो हरवल्यास दुसऱ्या माउसचा रिसीव्हर सहसा चालत नाही. लॉजिटेकच्या युनिफाइंग रिसीव्हरला, त्याच पद्धतीची, सहापर्यंत उपकरणे जोडता येतात. आपल्या माउसवर त्याचे केशरी चिन्ह असल्यास नवा रिसीव्हर घेऊन तोच माउस पुन्हा वापरता येतो.