सीटी स्कॅनवरून अस्थिघनता मापन

मूतखडा, पोटदुखी, फुप्फुसातली गाठ अशा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये पाठीचे मणकेही आपसूक टिपले जातात. त्यांची घनता पाहून अस्थिसुषिरता, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, हुडकण्याची ही पद्धत. रुग्णाला पुन्हा यंत्रात झोपावे लागत नाही, जादा क्ष-किरणही सोसावे लागत नाहीत. हा आजार हाड मोडेपर्यंत दुखत-खुपत नाही, म्हणून या आयत्या माहितीचे मोल मोठे आहे.

क्ष-किरण कुठे किती अडले यावरून सीटी यंत्र चित्रातल्या प्रत्येक बिंदूला एक आकडा देते. त्याचे एकक सीटीचे जनक गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल मिळाले. या मापात पाणी ०, तर हवा उणे १,०००. मणक्याच्या आतले हाड जाळीदार असते. वयानुसार जाळी विरळ होते, मधल्या मज्जेत चरबी वाढते आणि आकडा घसरतो.

मोजणी बहुधा कमरेच्या पहिल्या मणक्यावर करतात, कारण छातीच्या आणि पोटाच्या दोन्ही स्कॅनमध्ये तो सहसा सापडतो. रेडिओलॉजिस्ट पडद्यावर मणक्याच्या आडव्या छेदात, पुढच्या भागातल्या जाळीदार हाडावर एक लंबगोल आखतो. बाहेरचे कठीण कवच आणि मागून शिरणारी शीर त्यात येऊ द्यायची नाही. आखताच सरासरी आकडा समोर येतो. सारे काम मिनिटाच्या आत उरकते. १२० किलोव्होल्टवर (हा क्ष-किरण नळीचा विद्युतदाब) काढलेल्या स्कॅनमध्ये आकडा १६० च्या वर असेल तर अस्थिसुषिरतेची शक्यता कमी, ११० च्या खाली असेल तर संशय बळकट, असा ठोकताळा २०१३ पासून प्रचलित आहे. मधल्या पट्ट्यातल्या आकड्यावरून मात्र निकाल देऊ नये.

आकडा फसवूही शकतो. अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट या औषधाने तो वाढतो. किलोव्होल्ट कमी ठेवले तरी वाढतो. यंत्रायंत्रांतही फरक पडतो. म्हणून हे मापन चाळणीपुरते मानतात. संशय आल्यास पुढची पायरी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी खास क्ष-किरण तपासणी. तिथे टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला की निदान होते. पण डेक्साचे चित्र सपाट असते. म्हातारपणी मणक्यांच्या कडांना आलेली हाडे आणि महाधमनीत साचलेले कॅल्शियम त्यात मिसळून पोकळ मणकाही भरीव भासू शकतो. सीटीत हे वेगळे काढता येते, आणि ही बाजू डेक्साच्या वरचढ आहे.

आकड्याइतकेच, खरे तर अधिक, मोलाचे म्हणजे मणक्यांचे बाजूने दिसणारे उभे छेद. मणक्याचे बरेचसे फ्रॅक्चर रुग्णाला कळतही नाहीत. उंची थोडी घटते, पाठ वाकते आणि ते वयावर ढकलले जाते. पुढची बाजू दबून पाचरीसारखा झालेला मणका या छेदांत स्पष्ट दिसतो. उंचीत सुमारे २० टक्के घट दिसली तर तो दबलेला मानतात. तपासणी मूतखड्याची असली तरी अहवालात या मणक्याचा उल्लेख आलाच पाहिजे. मोठा मार किंवा कर्करोग हे कारण नसेल, तर असा एक मणकाही अस्थिसुषिरतेच्या निदानाला पुरतो, मग घनतेचा आकडा काहीही असो.